सुंदर कोड आणि न वाचता येणारी वही



गेल्या महिन्यात वंदना आटोपल्यावर आम्ही सभागृहातील खुर्च्या आवरत होतो. तेव्हा जीसीएसईसाठी संगणकशास्त्र घेतलेली आपल्या गटातील एक मुलगी माझ्याकडे तक्रार घेऊन आली. शाळेत तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. वर्गातील ३० विद्यार्थ्यांचे गुण घ्यायचे आणि प्रत्येकाची श्रेणी छापायची, एवढेच त्याचे काम. प्रोग्रॅम अचूक चालला, तरी शिक्षिकेने गुण कापले आणि हा कोड सुंदर नाही असा शेरा मारला.

"काका, चालतो ना? मग सुंदर कशाला पाहिजे? कोडाकडे कोण बघतंय?"

मी तिचा कोड पाहिला. गुण विचारण्याच्या आणि श्रेणी ठरवण्याच्या त्याच सात ओळी तिने तीस वेळा लिहिल्या होत्या, फक्त प्रत्येक वेळी विद्यार्थ्याचा क्रमांक बदलला होता. एकूण २१० ओळी. मी विचारले, "उद्या उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४० वरून ४५ वर गेली तर?" ती म्हणाली, "तीस ठिकाणी बदलीन." "आणि एक जागा राहून गेली तर?" तिने थोडा विचार केला. "मग त्या एकाच मुलाचा निकाल चुकेल." "त्याला कसे कळेल?" "नाही कळणार. घरी ओरडा खाईल बिचारा."

खुर्च्या आवरून झाल्या आणि आमचे बोलणे तिथेच थांबले. तिचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. तो जितका वाटतो तितका शाळकरी नाही.

आमच्या व्यवसायात सौंदर्याची भाषा नवी नाही. डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथमालेच्या नावातच संगणक-प्रोग्रॅमिंगला कला म्हटले आहे आणि तिचा पहिला खंड १९६८ साली प्रसिद्ध झाला. १९७४ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी याच विषयावर व्याख्यान दिले. पुढे १९८४ मध्ये त्यांनी असा विचार मांडला की प्रोग्रॅम हा यंत्राला दिलेला हुकूम न मानता माणसाला केलेले निवेदन मानून लिहावा. यंत्राला काय करायचे आहे हे आपण दुसऱ्या माणसाला समजावून सांगतो आहोत, ही भूमिका लिहिणाऱ्याने घ्यावी. यंत्राच्या दृष्टीने त्या मुलीच्या २१० ओळी आणि दहा ओळींचे एक आवर्तन यांत काहीच फरक नाही. फरक पडतो तो वाचणाऱ्याला. (मराठीत ‘कोड’ हा शब्द कौतुकाच्या जोडीलाही येतो आणि त्याचे ‘कोडे’ व्हायलाही वेळ लागत नाही. वाईट कोडाचे वर्णन करायला मला याहून चांगला शब्द सापडलेला नाही.)

मला हे फार उशिरा समजले, आणि कसे समजले ते सांगण्यासारखे आहे.

पुण्यातील माझी ती पहिली नोकरी. वय २३ होते. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर कोणीतरी सहज विचारले होते, कोणते कॉलेज, किती रँक, कोणत्या यादीतून. आपल्यापैकी ज्यांनी हे प्रश्न झेलले आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. त्या दिवसापासून मी जो कोड लिहिला तो काम व्हावे म्हणून कमी आणि माझी हुशारी दिसावी म्हणून जास्त लिहिला. एकदा सवलतीचा हिशेब करणाऱ्या सात अटी मी एकाच ओळीत गुंफल्या. ती ओळ वाचून कोणाला काही कळेना, आणि त्यामुळे माझा भाव वाढला. ‘हा भाग याच्याशिवाय कोणाला जमत नाही’ असे लोक म्हणू लागले. मला ते सुंदर वाटत होते.

दोन वर्षांनी मी दुसऱ्या गटात गेल्यावर सवलतीचा एक नियम बदलला. रात्री दोन वाजता एक सहकारी ती ओळ दुरुस्त करायला बसली. ओळ तिला समजली नाही, आणि समजणे शक्यही नव्हते. एक कंस इकडचा तिकडे झाला आणि सकाळपर्यंत काही हजार बिले चुकली. आढावा बैठकीत ठपका तिच्या नावावर पडला आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनातही तो उतरला. मी त्या बैठकीत बसलो होतो. अडचण कुठे आहे हे तिथे फक्त मला माहीत होते. मी बोललो नाही.

महापरिनिब्बान सुत्तात ‘आचरियमुट्ठि’ असा शब्द येतो. आचार्याची मिटलेली मूठ. आजारातून उठल्यावर तथागत आनंदाला सांगतात की धम्म शिकवताना त्यांनी आतला आणि बाहेरचा असा भेद केला नाही, आणि काही राखून ठेवणारी मिटलेली मूठ तथागतांजवळ नाही. चुल्लवग्गातही अशीच एक कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेले काही भिक्खू बुद्धवचन छंदात बांधण्याची परवानगी मागतात. ती नाकारली जाते आणि ज्याने त्याने ते आपापल्या बोलीत शिकावे असे ठरते. हे दोन्ही प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तरीही माझ्या हातून लिहून झाली ती एक मिटलेली मूठच. ज्या ज्ञानव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना दाराबाहेर ठेवले, तिचा सगळ्यात जुना डाव मी ‘मेरिट’ सिद्ध करण्यासाठी खेळलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली.

म्हणून आता मला कोणी ‘फार क्लेव्हर कोड’ दाखवला की मी आधी विचारतो, रात्री दोन वाजता हा कोण दुरुस्त करणार?

आता या देशातील एका मोठ्या प्रकरणाकडे येतो. ते आपण सगळ्यांनी वाचले आहे, आणि जानेवारी २०२४ मधील ती दूरदर्शन-मालिका तर घरोघरी पाहिली गेली. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसवली. पुढील सोळा वर्षांत तिच्या पडद्यावर दिसलेल्या तुटीच्या आधारे ९०० हून अधिक सब-पोस्टमास्तर चोरी, अफरातफर आणि खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरले. यांतील बहुतेक खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले होते. अनेकांनी घरे गहाण ठेवून न झालेली तूट भरून दिली, कित्येक तुरुंगात गेले, काहींनी जीवन संपवले. नोव्हेंबर २०१० मध्ये सीमा मिश्रा यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा त्या आठ आठवड्यांच्या गर्भवती होत्या. दुकान चालवता चालवता टपालाचा काउंटर सांभाळणारी भारतीय उपखंडातील असंख्य कुटुंबे या देशात आहेत, आणि या यादीत आपल्याकडची नावे कमी नाहीत. संशयितांची वांशिक ‘प्रकारां’त वर्गवारी करणारे तपास-अधिकाऱ्यांसाठीचे एक पत्रक २०२३ मध्ये उघडकीस आले. त्यात भारतीय-पाकिस्तानी असा एक वेगळा प्रकार होता. माणसांची प्रकारांत वाटणी करण्याची ही हौस आपल्या ओळखीची आहे.

या प्रकरणावर कायद्याच्या आणि माणुसकीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आमच्या धंद्याच्या अंगाने दोन तपशील सांगायचे आहेत.

पहिला तपशील १९९८ मधला, म्हणजे प्रणाली देशभर बसवण्यापूर्वीचा आहे. काउंटरवरील व्यवहार सांभाळणाऱ्या भागात फार चुका सापडू लागल्या, म्हणून ती बनवणाऱ्या कंपनीच्या आतच एक तपासणी झाली. त्या अहवालात नमुना म्हणून एक छोटेसे फंक्शन दिले आहे. त्याचे काम संख्येचे चिन्ह उलटे करणे, म्हणजे ५ चे उणे ५ आणि उणे ५ चे ५. हे शाळेतील मूलही करील, संख्येच्या आधी उणे चिन्ह लावले की झाले. त्या फंक्शनमध्ये मात्र असे लिहिले होते की संख्या शून्यापेक्षा लहान असेल तर तिचे निव्वळ मूल्य घ्या, आणि नसेल तर संख्येची दुप्पट करून ती मूळ संख्येतून वजा करा. पाचातून दहा गेले, उणे पाच. उत्तर बरोबर येते! तरीही तपासणाऱ्यांनी लिहिले की हे लिहिणाऱ्याला प्राथमिक गणिताची आणि प्रोग्रॅमिंगच्या साध्या नियमांची जाण नाही.

हा नमुना मी त्या मुलीला दाखवायचे ठरवले आहे, कारण ‘चालतो ना?’ या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला माहीत नाही. तो चालत होता. त्याने कोणालाही तुरुंगात पाठवले नाही. पण ज्याला उणे चिन्ह कसे लावावे हे सुचत नाही, त्याच्याच हातचा जमाखर्च लोकांच्या नशिबी येणार होता. आमच्याकडे कुरूपता हा रोग क्वचितच असतो, ती बहुधा ताप असते. तपासणाऱ्यांना तो ताप दिसला होता. तो भाग नव्याने लिहावा असा विचारही झाला, पण तो अमलात आला नाही.

दुसरा तपशील २०१५ मधला, स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन या गावचा. तेथील शाखेतून एका फिरत्या उपशाखेला ८,००० पौंड रोकड द्यायची होती. नोंद करताना पडदा गोठला आणि पुन्हा एंटर दाबले तरी काही हलेना. प्रत्यक्षात प्रत्येक दाबणीला प्रणाली आतल्या आत एक नवी नोंद करत होती. हातात ८,००० पौंड आले आणि वहीत ३२,००० लागले. २४,००० पौंडांची तूट उभी राहिली.

चांगल्या कोडाचा एक गुण येथे आठवतो. लिफ्टची वाट पाहताना अधीर माणूस बटण चार वेळा दाबतो, म्हणून काही चार लिफ्ट येत नाहीत. एकच मागणी पुन्हा पुन्हा आली तरी तिचा परिणाम एकदाच व्हावा, हा आमच्याकडील एक जुना नियम आहे. पैशांच्या व्यवहारात तो पाळण्याची साधी रीत म्हणजे प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच एक क्रमांक देणे. त्याच क्रमांकाची नोंद दुसऱ्यांदा आली की प्रणाली म्हणते, ही माझ्याकडे आधीच आहे. हे काम दोन-चार ओळींत होते. माझ्या मते त्या दोन-चार ओळी सुंदर आहेत, कारण त्या लिहिणाऱ्याने पडद्यासमोर बसलेल्या माणसाचे घाबरलेले बोट आधीच डोळ्यांसमोर आणलेले असते.

तूट आली की सब-पोस्टमास्तर विचारत, ही कुठून आली? त्याला शोधायला वाट नव्हती. त्याला दिसे ती फक्त बेरीज, बेरजेच्या मागे काय घडले ते दिसत नसे. उलट, फुजित्सूचे कर्मचारी दुरून शाखेच्या हिशेबात शाखाचालकाला न कळता बदल करू शकत होते. पोस्ट ऑफिसने हे वर्षानुवर्षे नाकारले, आणि शेवटी ॲलन बेट्स व इतर ५५४ जणांनी लढलेल्या दाव्यात डिसेंबर २०१९ च्या निकालाने ते मान्य केले. त्यात भर कायद्याची. संगणकाचा पुरावा देणाऱ्याने तो संगणक नीट चालत होता हे दाखवले पाहिजे, अशी अट १९८४ च्या कायद्याच्या कलम ६९ मध्ये होती. १९९९ च्या कायद्याने ते कलम रद्द झाले. त्यानंतर न्यायालयाची गृहीत भूमिका उलटी झाली. संगणक बरोबरच आहे, चुकीचा असेल तर आरोपीने दाखवावे. कोड ज्याच्या कुलपात आहे त्याला काहीच सिद्ध करायचे नाही, आणि ज्याने तो कधी पाहिलेला नाही त्याने त्यातील चूक दाखवायची!

‘वहीत लिहिले आहे’ हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी याहून वेगळ्या जागी बसून ऐकले होते. सावकाराची वही, त्यावर आपला अंगठा, आणि आत काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्या माणसांना हिशेब नको होता असे नाही, तपासता न येणारा हिशेब नको होता. ग्रंथात आहे म्हणून ते खरे, ही वृत्ती मोडल्याशिवाय जात मोडणार नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’च्या भाषणात मांडले, आणि ते भाषण त्यांना करूही दिले गेले नाही. ग्रंथाच्या जागी पडदा आला तरी प्रश्न तोच आहे, की मला हे उघडून पाहता येते का.

येथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो. सुंदर कोड चुकत नाही काय? चुकतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो, शब्द पुढे असेल तर मागचा अर्धा भाग सोडतो आणि उरलेल्याचे पुन्हा मधले पान काढतो. संगणकातील ही शोधपद्धत जेमतेम दहा ओळींची आहे. जॉन बेंटली यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात ती बरोबर असल्याचा युक्तिवाद करून मांडली आणि पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी तिच्यावर घडले. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले की त्या मांडणीत, आणि जावा भाषेसाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या कोडातही, चूक आहे. मधले पान काढताना पहिल्या आणि शेवटच्या पानाचा क्रमांक मिळवून निम्मा करतात. यादी अतिप्रचंड असेल, तर ही बेरीज २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ या मर्यादेपलीकडे जाते आणि यंत्रात ती संख्या चक्क उणे होते. इतकी मोठी यादी पूर्वी कोणाकडे नसल्याने चूक लपून राहिली.

दहा ओळींचा, स्वच्छ, युक्तिवादासह मांडलेला कोड, आणि त्यातही वीस वर्षे चूक! पण पुढचे पाहा. दुरुस्ती एका ओळीची निघाली. दोन्ही क्रमांकांची बेरीज करण्याऐवजी त्यांच्यातील अंतराचा निम्मा भाग पहिल्यात मिळवायचा. ब्लॉक यांनी आपली चूक नावानिशी लिहिली, ती वाचणाऱ्याला पाच मिनिटांत पटली आणि कोणीही तुरुंगात गेले नाही. धम्मवंदनेत आपण दर रविवारी ‘एहिपस्सिको’ म्हणतो. ये आणि पाहा. कोडाच्या सौंदर्याबद्दल मी इतकाच दावा करीन की तो ‘ये आणि पाहा’ म्हणू शकतो. पाहणाऱ्याला चूक दिसली, तर तो लाजतो आणि सुधारतो.

हा लेख लिहिताना गेल्या शनिवारी वडिलांना फोन केला. ते एस.टी.त वाहक होते. मशीन येण्यापूर्वीचा तो काळ, पत्र्याच्या पेटीत रांगेने लावलेले तिकिटांचे गठ्ठे, प्रत्येक तिकिटावर छापील क्रमांक. डेपोतून निघताना प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला क्रमांक वेबिलावर लिहायचा आणि वाटेत ठरावीक थांब्यांवर त्या वेळचा क्रमांक टिपत जायचा. शेवटच्या क्रमांकातून पहिला वजा केला, तिकिटाच्या दराने गुणले, की पिशवीत किती पैसे असायला हवेत ते कळे. हा हिशेब साहेबाला करता येई आणि वाहकालाही. रात्री कंदिलापाशी बसून ते तो करताना मी पाहिले आहे.

मी विचारले, "बाबा, कधी पैसे कमी भरले होते का?"

"एकदा. साडेचार रुपये."

"मग?"

"मग काय, वेबिल घेऊन बसलो. दोन थांब्यांच्या मधी चढले अकरा लोक अन् तिकिटं गेली बारा. दोन तिकिटं चिकटून एकालाच गेली असतील. पैसे माझ्या खिशातून गेले, पण रात्री झोप लागली. कुठं गेले ते माहीत होतं ना."

मी त्यांना डॅलमेलिंग्टनची गोष्ट सांगितली. ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "म्हणजे तिथं तिकिटांना नंबर नव्हते?"

"एका अर्थी, नव्हते."

"अन् तू लिहितोस त्यात असतात?"

मी म्हणालो, असतात. मग फोन ठेवला आणि मागच्या वर्षी मी लिहिलेला एक भाग उघडून पाहिला. तीन ठिकाणी होते. चौथ्या ठिकाणी सोमवारी घातले.